वावराचा सातबारा पाहता, तसा फ्लॅटचाही पाहा: पुण्यात भागीनं खोली घेणाऱ्या आपल्या पोरापोरींसाठी

दारव्हा तालुक्यातल्या एका बाजाराच्या गावात माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, स्कॉलरशिप, पॅनकार्ड, सगळं. जून लागला की एक वेगळंच गिऱ्हाईक येतं. बापलेक दोघं येतात, लेकाच्या हातात कंपनीचं नाहीतर कॉलेजचं पत्र असतं, आणि बाप विचारतो, "पोराले पुण्याले पाठवून रायलो भाऊ, खोलीले किती लागन?" मी पुण्यात सहा वर्षं काढली, चार फ्लॅट बदलले, अकरा जणांबरोबर एकाच बाथरूमसाठी रांग लावली, म्हणून हा प्रश्न माझ्याकडं येतो. दरवर्षी तेच सांगतो, म्हणून यंदा लिहूनच काढलं.

आपल्याकडं वावर मक्त्यानं द्यायचं असलं की पाडव्याच्या आसपास चार माणसांत बोलणं होतं आणि शब्दावर वर्ष निघून जातं. देणारा आणि घेणारा दोघंही त्याच गावात राहणार असतात, रोज एकाच पारावर भेटणार असतात, म्हणून शब्द टिकतो. पुण्यात घरमालक तुम्हाला ओळखत नाही, आणि अकरा महिन्यांनी तुम्ही गेलात की तो तुमचं नावही विसरणार. तिथं कागद लागतो. घरमालकाशी तर लागतोच. सोबत राहणाऱ्या मित्रांशी त्याहून जास्त लागतो, आणि नेमकं तेच आपली पोरं करत नाहीत.

पैसा तुरीच्या वेळीच बाजूला काढा

सोयाबीन दिवाळीच्या आगंमागं विकलं जातं, कापूस दसऱ्यापासून संक्रांतीच्या पुढंपर्यंत येत राहतो, तूर जानेवारी-फेब्रुवारीत. कास्तकाराच्या घरी पैसा दिसतो तो याच दिवसांत. जूनमध्ये तो बियाण्यात, खतात आणि पेरणीच्या मजुरीत गेलेला असतो. आणि कॉलेजची ॲडमिशन, कंपनीची जॉइनिंग येते नेमकी जून ते ऑगस्टमध्ये. पुण्यात जागेला सगळ्यात जास्त मागणी असते तेव्हाच आपल्या घरी सगळ्यात कमी रोकड असते. म्हणून ज्यांचं पोरगं शेवटच्या वर्षाला किंवा बारावीला आहे त्यांना मी फेब्रुवारीतच सांगतो, तुरीच्या पैशातून एक रक्कम वेगळ्या खात्यात टाकून ठेवा आणि पेरणीला तिला हात लावू नका.

किती? बापाला "सात हजारांची खोली" असं सांगितलं की तो सात हजार आणि वर दोन हजार घेऊन पोराला ट्रॅव्हल्समध्ये बसवून देतो. खरा हिशोब असा. समजा टू बीएचके फ्लॅटचं भाडं २८,००० आहे आणि राहणारे चौघं आहेत. माणशी ७,००० बरोबर. पण मालकाने तीन महिन्यांचं डिपॉझिट मागितलं तर ८४,००० झाले, म्हणजे माणशी २१,०००. मध्ये दलाल असेल तर तो साधारण एका महिन्याचं भाडं घेतो, माणशी आणखी ७,०००. पहिल्या महिन्याचं भाडं आगाऊ, ७,०००. करारनाम्याचा खर्च माणशी हजाराच्या आत बसवा. गादी, बादली, पंखा, शेगडी, चार भांडी याला पाच हजार. बेरीज केली तर सात हजारांच्या खोलीसाठी पहिल्या आठवड्यात हातात एक्केचाळीस हजार हवेत. यातलं डिपॉझिट परत येणारं आहे हे खरं, पण ते अकरा महिन्यांनी.

एवढे नसतील तर सावकाराकडं जाऊ नका. पहिले दोन-तीन महिने कॉट बेसिसवर काढा. एका खोलीत तीन-चार कॉट, कॉटमागं भाडं, डिपॉझिट बहुतेक एका महिन्याचं. पेठांमध्ये, कॉलेजांच्या आसपास अशा पाट्या जागोजागी दिसतात. गैरसोय खूप, पण तेवढ्या दिवसांत शहर कळतं, माणसं कळतात, आणि घाईत वाईट करार होत नाही.

शिकायला जाणाऱ्यांनी सरकारी योजना तपासूनच निघावं. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना, आणि अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या, नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना. मात्र पैसा उशिरा येतो. त्याच्या भरवशावर डिपॉझिट ठरवू नका, पण अर्ज सोडूही नका. भाड्याची कागदपत्रं मागतात, त्यासाठीही करार पक्का हवा.

माणसं आधी, फ्लॅट नंतर

माझा पहिला फ्लॅट चार वर्गमित्रांचा होता. दहावीपर्यंत एकाच बाकावर बसलेले. त्यातल्या एकाला नोकरी लागलेली नव्हती, "लागली की देतो ना बे" म्हणाला. पाच महिने आम्ही तिघांनी त्याचा हिस्सा भरला. मागायची लाज वाटायची, कारण त्याच्या आईच्या हातचं जेवलेलो. सहाव्या महिन्यात तो निघून गेला. आता लग्नात दिसला की तो दुसऱ्या पंगतीत जाऊन बसतो. दुसऱ्या फ्लॅटात मी, एक वणीचा, एक लातूरचा आणि एक धुळ्याचा. कुणी कुणाला ओळखत नव्हतं, म्हणून पहिल्याच रात्री सगळं लिहून काढलं. अडीच वर्षं राहिलो, एकदाही आवाज चढला नाही.

गाववाला नकोच असं मी म्हणत नाही. गाववाल्याशीही परक्यासारखं बोलून घ्या, एवढंच. पहिला प्रश्न पैशाचा: दर महिन्याच्या एक तारखेला तुझा हिस्सा कुठून येणार? पगारातून, घरून, की कापूस विकल्यावर? कापूस विकल्यावर येणार असेल तर लाजायचं कारण नाही, पण मग त्याने हंगामात एकदम चार-पाच महिन्यांचा हिस्सा भागीच्या खात्यात जमा करावा. माझ्या तिसऱ्या फ्लॅटात दिग्रसकडचा एक जण असंच करायचा. डिसेंबरात एकदम भरायचा आणि मेपर्यंत आमच्याकडं ताठ मानेनं राहायचा.

मग शिफ्ट विचारा. एकाला सकाळी सहाला कंपनीची बस, दुसरा परदेशी क्लायंटशी रात्री दोनपर्यंत फोनवर, तिसरा एमपीएससीचा, त्याला शांतता हवी. हे तिघं एका खोलीत टिकत नाहीत, कितीही सज्जन असले तरी. खाणं-पिणं, दारू-सिगारेट, घरी कोण येणार-जाणार, किती महिने राहणार, हेही विचारा. "पाहू मंग" असं उत्तर आलं तर ते नाही असं समजा.

डोकी किती? टू बीएचकेत चौघं, वन बीएचकेत दोघं, फार तर तिघं. जास्त माणसं कोंबून भाडं वाचतं, पण सोसायटी डोकी मोजते, आणि सकाळी आठला संडासाबाहेर उभं राहिल्यावर वाचलेले हजार रुपये आठवत नाहीत. हिस्से सारखेच हवेत असंही नाही. बाथरूम जोडलेल्या खोलीतल्या दोघांनी ७,५०० आणि दुसऱ्या खोलीतल्या दोघांनी ६,५०० दिले तरी २८,००० होतात. हे पहिल्या दिवशी ठरतं, नंतर कधीच ठरत नाही.

जागा कुठं पाहायची

गावाकडं पंधरा किलोमीटर म्हणजे फटफटीवर वीस-पंचवीस मिनिटं. पुण्यात हे गणित विसरा. हिंजवडीत पाऊस पडला की आठ किलोमीटरला तास जातो. म्हणून स्वस्त भाग आधी शोधून मग कंपनी गाठायची असं करू नका. कंपनी किंवा क्लास मध्ये ठेवा आणि तिथून बाहेर सरका.

हिंजवडीत काम असेल तर वाकड, ताथवडे, पुनावळे, मारुंजी. खराडीला असेल तर चंदननगर आणि पुढं वाघोली. मगरपट्ट्याला असेल तर हडपसर, मांजरी. चाकणच्या कारखान्यांत लागलेल्यांनी चाकण, मोशी, भोसरी पाहावं. स्पर्धा परीक्षेवाले सदाशिव, नारायण, शनिवार पेठेत राहतात, कारण अभ्यासिका, झेरॉक्स आणि खानावळी तिथंच आहेत. धनकवडी, आंबेगाव, नऱ्हे इकडं कॉलेजांची पोरं. पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट आणि वनाज ते रामवाडी या मार्गांवर मेट्रो चालू आहे. यांपैकी एखाद्या स्टेशनपासून चालत जाता येईल अशी जागा मिळाली आणि कामही त्याच मार्गावर असेल तर दोन हजार जास्त द्यायला हरकत नाही, गाडीच्या पेट्रोलमध्ये ते वाचतात.

पसंत केलेल्या भागातून एकदा सोमवारी सकाळी नऊला कामाच्या जागी प्रत्यक्ष जाऊन पाहा. रविवारी दुपारी गेलात तर पुणं फार छोटं वाटेल.

आणि पाणी विचारा. वाघोली, पुनावळे अशा नव्या भागांतल्या कित्येक सोसायट्या उन्हाळ्यात टँकरवर चालतात. आपण यवतमाळचे, टँकर आपल्याला नवा नाही, पण तिथं त्याचा खर्च मेंटेनन्सवाटे तुमच्या माथी येऊ शकतो. तो भाड्यात धरलेला आहे का, हे आधीच विचारून घ्या.

गाडी न्यायची असेल तर वर्धा किंवा बडनेरा स्टेशनवरून पार्सलनं टाकता येते. टाकी रिकामी करायची, बारदान्यात बांधायची, आरसीची झेरॉक्स सोबत. एमएच २९ ची पाटी पुण्यात चालते, एकाच राज्यात नोंदणी बदलावी लागत नाही. हेल्मेट आणि पीयूसी मात्र घ्या, तिथं चौकात विचारतात. कूलर नेऊ नका. तुम्ही हसाल, पण दरवर्षी एक तरी बाप कूलर बांधून देतो. पुण्यात त्याची तितकी गरज पडत नाही आणि खिडकीत बसवायला सोसायटी नाही म्हणते.

शोधणं, आणि फसवणूक

गावात बसून फ्लॅट पक्का करू नका. हे एक वाक्य पाळलं तरी निम्मी भानगड टळते. आठ-दहा दिवस ओळखीच्याकडं किंवा कॉट बेसिसवर उतरा आणि पायी फिरा. लोक महिनाभर आधी नोटीस देतात, त्यामुळं वीस तारखेनंतर पुढच्या महिन्यात रिकाम्या होणाऱ्या जागा कळायला लागतात. ॲपवर पाहा, फेसबुकवर फ्लॅटमेट शोधणाऱ्यांचे ग्रुप आहेत तिथं पाहा, पण सगळ्यात खरी बातमी वॉचमनकडं असते. पुण्यात वॉचमन, इस्त्रीवाले, मेसवाले यांत आपल्याकडची माणसं पुष्कळ. "कोणत्या जिल्ह्याचे?" एवढं विचारलं तरी पुढचं दार उघडतं. मला तिसरा फ्लॅट आर्णीकडच्या एका वॉचमनकाकांनी मिळवून दिला, दलालीशिवाय.

आता फसवणूक. ॲपवर भारी फर्निचरचा फ्लॅट निम्म्या भाड्यात दिसतो. फोन केला की माणूस सांगतो, मी सैन्यात आहे किंवा सीआयएसएफमध्ये आहे, बदली झाली, किल्ली आमच्या माणसाकडं आहे. वर्दीतला फोटो, ओळखपत्र, कॅन्टीनचं कार्ड, सगळं पाठवतो. मग म्हणतो, आमच्या खात्याची पद्धत वेगळी आहे, तुम्ही हा क्यूआर स्कॅन करा, पैसे तुमच्याकडं परत येतील. आपल्याकडं फौजीला मान आहे, म्हणून पोरं फसतात. लक्षात ठेवा, यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे तुमच्या खात्यातून जाणार. गेलेच तर त्याच मिनिटाला १९३० वर फोन करा. जितका लवकर कराल तितकी रक्कम अडवली जायची शक्यता जास्त.

खरा मालकही जागा धरून ठेवायला टोकन मागतो. टोकन म्हणजे आपला इसार. जागा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आणि मालकाशी बोलल्याशिवाय इसार द्यायचा नाही. द्यायचा तर थोडा, दोन-तीन हजार, यूपीआयनं, आणि लगेच मेसेज टाकायचा: अमुक फ्लॅटसाठी इतके दिले, अमुक तारखेपर्यंत करार झाला नाही तर परत मिळतील. त्याचं "हो" मेसेजवर आलं की झाली इसारचिठ्ठी.

फोनवर तीन गोष्टी आधीच विचारून घ्या म्हणजे पायपीट वाचते. बॅचलर चालतात का, आणि फक्त मालकाला नाही तर सोसायटीलाही चालतात का. डिपॉझिट किती आणि दलाली आहे का. भाड्यात मेंटेनन्स धरलेला आहे का. मुलींनी गेटची वेळ विचारावी. माझ्या चुलतबहिणीला करार झाल्यावर कळलं की रात्री साडेनऊनंतर गेट बंद, आणि तिची शिफ्ट सुटायची दहाला.

आणखी एक प्रश्न तुम्हाला विचारला जाईल: "पूर्ण नाव काय?" म्हणजे आडनाव. ते ऐकल्यावर "अहो, आत्ताच गेली जागा" असं उत्तर मिळालेली पोरं माझ्या दुकानात बसून रडलेली आहेत. भाऊसाहेब पंजाबरावांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढून सगळ्या जातींची पोरं एका छपराखाली ठेवली, त्याला किती काळ लोटला, आणि पुण्यात हा प्रश्न अजून तसाच. तरी आडनाव लपवू नका, करारात ते यायचंच आहे. जो माणूस आडनावावरून जागा नाकारतो त्याच्या घरात अकरा महिने काढण्यापेक्षा फोनवरच कळलेलं बरं.

पाहायला गेल्यावर

दिवसा एकदा, रात्री एकदा. दिवसा भिंतीची ओल दिसते, रात्री शेजार कळतो. सगळे नळ एकदम उघडून पाहा, कमोडचं फ्लश ओढा, मोबाइलला आतल्या खोलीत रेंज येते का पाहा. जुन्या गाद्या-कॉट असतील तर फटीत टॉर्च मारा, ढेकूण आहेत का ते तिथं कळतं. आधीच्या भाडेकरूंना एकटं गाठून विचारा, "काहून सोडून रायले?" मराठी कुठलीही असो, ते खरं सांगतात. त्यांना सांगितल्यावाचून राहवतच नाही.

कागद

वावर घेताना आपण सातबारा पाहतो, आठ-अ पाहतो, धुरा मोजतो. फ्लॅट घेताना पोरं नुसती टाइल्स पाहतात. समोरचा माणूस खरंच मालक आहे का, याला तिथं इंडेक्स टू असतो, घराच्या नोंदणीचा उतारा. तो दाखवायला सांगा. नाही म्हणाला तर मालमत्ता कराची पावती आणि विजेचं बिल एकाच नावाचं आहे का, आणि ते नाव त्याच्या आधारवर आहे का, एवढं तरी पाहा. मालक परदेशात असेल तर सही करणाऱ्याकडं मुखत्यारपत्र हवं. हे मागितल्यावर जो चिडतो त्याची जागा घेऊ नका.

करार बहुतेक लीव्ह अँड लायसन्सचा असतो, अकरा महिन्यांचा. लोकांना वाटतं अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, आणि मालक स्टॅम्पपेपरवर नोटरी करून मोकळा होतो. महाराष्ट्रात हे चुकीचं आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणं करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय वाद झाला तर, उलट सिद्ध होत नाही तोवर, अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. हे मालकाला दमात सांगू नका, पण माहीत ठेवा.

खर्चही मोठा नाही. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, तेही एकूण भाडं आणि परतीच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरलेलं व्याज, या बेरजेवर. आपल्या उदाहरणात अकरा महिन्यांचं भाडं ३,०८,००० आणि ८४,००० वरचं व्याज साधारण ७,७००. शुल्क आठशेच्या आसपास. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,०००. बाकी जे मागतील त्यात थोडं हाताळणी शुल्क आणि बरीचशी एजंटाची मजुरी असते, ती दोन-तीन ठिकाणी विचारून ठरवा. एजंट घरी येऊन आधारवरून अंगठा घेतो. आधारवरचं नाव आणि पॅनवरचं नाव जुळत नसेल तर निघायच्या आधी गावातच दुरुस्त करा. माझ्या दुकानात येणाऱ्या दहापैकी चार जणांचं जुळत नाही.

करारात चौघांचीही नावं हवीत. एकाच्या नावावर फ्लॅट आणि तिघं "पाहुणे" असं करू नका. भांडण झालं की ज्याचं नाव आहे तो अडकतो, ज्यांचं नाही ते रस्त्यावर येतात. लॉक-इन, म्हणजे जागा सोडता येत नाही तो काळ, किती महिन्यांचा ते वाचा. त्याआधी सोडलं तर उरलेलं भाडं मागू शकतात. नोटीस दोन्ही बाजूंना एक महिना असावी. निघताना रंगाचे पैसे कापणार का, किती, हे आकड्यात लिहून घ्या. पंखे, गीझर, गाद्या, जे आहे त्याची यादी जोडा. पोलीस ठाण्याला भाडेकरूची माहिती द्यायची असते, ती ऑनलाइन देता येते. मालकाने दिल्याची पोच मागून घ्या.

नोकरीवाल्यांनी भाड्याच्या पावत्या आपापल्या नावानं घ्याव्यात. जुन्या करपद्धतीत घरभाडे भत्त्याची सूट मिळते, आणि तुमचा हिस्सा वर्षाला एक लाखाच्या वर जात असेल तर मालकाचा पॅन लागतो.

दुसरा कागद, भिंतीवरचा

मालकाशी भांडण फार तर वर्षातून एकदा होतं. भागीवाल्यांशी रोज होऊ शकतं, आणि ते धुऱ्याच्या भांडणासारखं असतं, हातभर जागेसाठी पिढीजात. म्हणून राहायला गेल्याच्या पहिल्या रात्री एक वहीचं पान घ्या, चौघं बसा, लिहा, सह्या करा, फ्रिजवर चिकटवा.

त्यात काय? भाडं पाच तारखेला जातं तर हिस्सा तीन तारखेपर्यंत, एकाच्या खात्यात. ही जबाबदारी दर सहा महिन्यांनी फिरवा, कारण वसुली करणारा सगळ्यांच्या डोळ्यात खुपतो. वीजबिल सारखं वाटायचं की एसी-गीझरवाल्याने जास्त द्यायचं? महावितरणचा दर शंभर युनिटच्या वर, मग तीनशेच्या वर असा टप्प्यानं वाढतो. त्यामुळं एकाच्या खोलीतला एसी चालला की शेवटची युनिटं महागड्या टप्प्यात जातात आणि बिल चौघांचं फुगतं. ज्याचा एसी त्याच्या खोलीला सबमीटर, हा आमचा नियम होता.

स्वयंपाकाला मावशी लावायची की डबा? दोन शाकाहारी आणि दोन मटणवाले असतील तर भांडी वेगळी की तीच, हे त्या पानावर आलंच पाहिजे. गॅससाठी पत्त्याचा पुरावा नसेल तर पाच किलोचा छोटा सिलिंडर त्याशिवाय मिळतो. आणि भाजीवाल्याकडं "सांबार द्या" म्हणू नका, तो तुम्हाला इडलीच्या गाड्याकडं पाठवेल. कोथिंबीर म्हणायचं.

सगळ्यात नाजूक कलम पाहुण्यांचं. पुण्यात तुमची खोली झाली ही बातमी गावात दोन दिवसांत पोचते. मग भरतीची परीक्षा, एमपीएससीची परीक्षा, कुणाच्या काकांचं ऑपरेशन, कुणाला नोकरी शोधायची, सगळे तुमच्याकडं उतरतात. नाही म्हणता येत नाही, म्हणायलाही नको. आपणही असेच कुणाकडं तरी उतरलो होतो. पण बाकीच्या तिघांचा त्यात काय दोष? आमचा नियम तीन रात्रींचा. तीन रात्री पाहुणा, चौथ्या रात्रीपासून त्याच्या यजमानाने दिवसाला ठरलेली रक्कम सगळ्यांच्या सामाईक पैशाच्या डब्यात टाकायची. एकदा माझा मावसभाऊ एकोणीस दिवस राहिला. पैसे मी भरले, त्याला आजवर सांगितलं नाही.

शेवटचं कलम, मधेच सोडून जाण्याचं. जाणाऱ्याने महिनाभर आधी सांगायचं, बदली माणूस त्यानेच आणायचा, तो बाकीच्यांना पसंत पडला पाहिजे, आणि जाणाऱ्याला त्याचं डिपॉझिट नव्या माणसाकडून मिळणार. मालकाला कळवून करारात नाव बदलल्याशिवाय नव्या माणसाला किल्ली द्यायची नाही.

सोडताना

माझं पहिलं डिपॉझिट पूर्ण परत आलं नाही. मालकाने रंग, नळ आणि एका कपाटाच्या काचेचे मिळून चांगलेच पैसे कापले. काच आम्ही आलो तेव्हाच फुटलेली होती, पण दाखवायला फोटो नव्हता. तेव्हापासून किल्ली हातात पडली की सामान आत नेण्याआधी मी दारापासून संडासापर्यंत सगळ्या भिंतींचा व्हिडिओ काढतो, मीटरच्या आकड्यासह, आणि तो मालकाला व्हॉट्सॲपवर त्याच दिवशी पाठवतो. सोडताना तोच व्हिडिओ उघडायचा आणि खोलीखोलीनं मालकासोबत फिरायचं.

नोटीस तोंडी देऊ नका, मेसेज किंवा ईमेल करा आणि उत्तर येईपर्यंत आठवण द्या. शेवटचं भाडं डिपॉझिटमधून कापून घ्या, असं काही मालक स्वतःच म्हणतात. चालतं, पण तेही लेखी. विजेचं शेवटचं बिल यायला वेळ लागतो, म्हणून मीटरच्या आकड्यावरून अंदाज काढून तेवढीच रक्कम मागं ठेवू द्या, बाकी त्याच दिवशी.

आणि किल्ली. बैलबाजारात पैसे मोजून झाल्याशिवाय आपण दावं सोडत नाही. पाहणी झाली, हिशोब झाला की मालकाला तिथंच बसून पैसे पाठवायला सांगा. तुमच्या फोनवर जमा झाल्याचा मेसेज आला की किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवा आणि "किल्ल्या मिळाल्या" एवढं त्याच्याकडून लिहून घ्या. दिवाळीच्या आठवड्यात सोडत असाल तर ट्रॅव्हल्सचं तिकीट मात्र महिनाभर आधी काढून ठेवा.